आधी संडास, मग घर

आमच्या घरातली सगळ्यांत जुनी गोष्ट म्हणजे संडास.

हे विनोद म्हणून सांगत नाहीये. भिंती, छप्पर, ओटा, जिना हे सगळं नंतर आलं. १९८८ साली बाबांना कांदिवलीच्या चारकोपमध्ये २५ चौरस मीटरचा प्लॉट लागला. २५ चौरस मीटर म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. ताबा घ्यायला बाबा आणि काका गेले, तेव्हा तिथे सिमेंटचं जोतं होतं आणि जोत्याच्या एका कोपऱ्यात संडास-मोरी. बाकी आभाळ. काका म्हणाले, "अरे, हे घर आहे की सार्वजनिक सोय?" हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितला जातो.

लहानपणी मला वाटायचं, सरकारकडचे पैसे संपले असतील म्हणून काम अर्धवट सोडलं. मागच्या वर्षी सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आणि बाबांनी कपाटावरची जुनी फाइल काढली. त्यातल्या वाटपपत्राच्या निमित्ताने मी या योजनेबद्दल वाचायला लागलो. तेव्हा कळलं, की ते काम अर्धवट सोडलेलं नव्हतं. संडास आधी आणि घर नंतर हा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय होता. तो घेणाऱ्यांमध्ये वॉशिंग्टनमधली एक बँक होती. त्या बँकेने पुढे आमच्यासारख्या वसाहतींकडे पाठ फिरवली, हेही तेव्हाच कळलं.

पेरूमधली वाळू

गोष्ट सुरू होते दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमध्ये. जॉन टर्नर नावाचा तरुण ब्रिटिश आर्किटेक्ट १९५७ साली तिथे गेला. शहरांच्या कडेला, ओसाड जमिनीवर खेड्यातून आलेली माणसं रातोरात चटयांच्या झोपड्या उभ्या करत होती. सरकारी दृष्टीने हा शहराला झालेला रोग होता. टर्नरला तिथे वेगळंच दिसलं. हाकलून देणार नाहीत अशी खात्री पटली, की लोक चटईच्या जागी वीट आणत होते. पोरगं कमावतं झालं, की वर एक खोली चढत होती. म्हणजे ती झोपडपट्टी नव्हतीच, ते सावकाश बांधलं जाणारं शहर होतं. १९७२ साली त्याचं 'फ्रीडम टू बिल्ड' हे संपादित पुस्तक आलं. घर ही विकत घ्यायची वस्तू नसून वर्षानुवर्षं चालणारी क्रिया आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

हा विचार ज्याच्या हाती लागला, तो माणूस टर्नरच्या अगदी उलट स्वभावाचा. रॉबर्ट मॅक्नमारा. फोर्ड मोटर कंपनीचा अध्यक्ष, मग व्हिएतनाम युद्धाच्या काळातला अमेरिकेचा संरक्षणमंत्री आणि १९६८ ते १९८१ जागतिक बँकेचा अध्यक्ष. प्रत्येक गोष्ट आकड्यात मांडणारा. त्याच्या काळात बँक धरणं-रस्त्यांच्या पलीकडे, गरिबीकडे वळली. शहरातल्या गरिबांना सरकारने पक्की घरं बांधून द्यायची म्हटली, तर पैसा पुरणार नाही हे उघड होतं. पण जमीन, पाणी, गटार, वीज आणि कागद एवढंच द्यायचं, घर ज्याचं त्याने बांधायचं, असं केलं तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त लोक बसतात. या पद्धतीचं नाव 'साइट्स अँड सर्व्हिसेस'. बँकेचा असा पहिला प्रकल्प १९७२ साली सेनेगलच्या डाकार शहरात सुरू झाला. आपल्याकडे मद्रासमध्ये १९७७ साली तो आला. अरुंबाक्कम हा तिथला गाजलेला भाग. आणि मग मुंबई.

कॅल्क्युलेटरवरची गल्ली

१९८५ हे मुंबईच्या घरांच्या इतिहासातलं विलक्षण वर्ष आहे. गिरणी संप मोडला होता. पदपथावर राहणाऱ्यांच्या, 'ओल्गा टेलिस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे मान्य केलं आणि तरीही योग्य प्रक्रिया करून त्यांना हटवता येईल असंही सांगितलं. याच वर्षी जागतिक बँकेसोबत 'बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट'चा करार झाला. बँकेचं कर्ज होतं सुमारे १३.८ कोटी डॉलर. समन्वय एमएमआरडीएकडे, तिचं तेव्हाचं नाव बीएमआरडीए. मुंबईतली बरीचशी बांधणी म्हाडाकडे आणि नवी मुंबईतली सिडकोकडे. ऐरोली-कोपरखैरणेकडची जुनी माणसं आजही 'बीयूडीपीची घरं' म्हणतात, ती हीच.

प्रकल्पाचे दोन पाय होते. एक, मोकळ्या जमिनीवर सोयींसह प्लॉट पाडायचे. ८० हजारांच्या वर प्लॉटांची योजना होती. चारकोप, गोराई, मालवणी ही त्यातली मोठी नावं. दोन, आहेत त्या झोपडपट्ट्यांतल्या लोकांच्या सहकारी संस्था करून जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या नावावर करायची आणि तिथेच पाणी, गटार, संडास सुधारायचे.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यांत जास्त आवडला तो यामागचा हिशेब. एरवी आपण घर कसं असावं ते ठरवतो आणि मग किंमत काढतो. इथे उलटं. कुटुंबाची कमाई किती, त्यातले दरमहा किती घरासाठी जाऊ शकतात, त्यातून किती कर्ज फिटेल, आणि तेवढ्यात किती जमीन, किती पाइप, किती रस्ता बसतो? उत्तर येईल तो प्लॉट. अलँ बर्तो आणि मारी-आन्येस बर्तो या नगररचनाकार जोडप्याने त्या काळात बँकेसाठी अशा आकडेमोडीचं एक मॉडेल तयार केलं होतं. ते प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवरही चालत असे. गल्ली एक मीटरने रुंद केली तर प्लॉटची किंमत कितीने वाढते, हे जागच्या जागी कळायचं. म्हणजे एक्सेल घरोघरी पोचायच्या आधी कोणीतरी आमच्यासारख्यांच्या गल्लीचा 'फॉर्म्युला' लिहून ठेवला होता.

चारकोपचा आराखडा याच विचारातून आलेला आहे. २५, ३०, ४० चौरस मीटरचे छोटे प्लॉट. साधारण ३५ प्लॉटांचा एक गट, मधे सामायिक अंगण, आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र सहकारी सोसायटी. गाड्यांचे रुंद रस्ते थोडे, गटातल्या वाटा पायी चालण्यापुरत्या. रस्त्याला जितकी जमीन कमी जाईल तितकी घरांना जास्त मिळते. मोक्याचे मोठे आणि व्यापारी प्लॉट बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून छोट्या प्लॉटांची किंमत उतरवायची. सरकारी तिजोरीतून सूट नाही. श्रीमंत कोपऱ्याने गरीब गल्ली पोसायची.

म्हणून संडास आधी. भिंत माणूस आज पत्र्याची, उद्या विटेची करू शकतो. पण मलवाहिनी एकट्या माणसाला टाकता येत नाही. जे एकट्याला जमत नाही ते सार्वजनिक पैशातून करायचं, जे जमतं ते त्याच्यावर सोडायचं. इतकी स्वच्छ विभागणी मी चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही क्वचित पाहिली आहे.

आमचं घर वाढतं

बाबा तेव्हा लोअर परळला एका छापखान्यात होते आणि लालबागच्या चाळीत चुलत्यांच्या खोलीत नऊ माणसांत झोपायचे. चारकोप त्या काळात मुंबईच्या बाहेर मानलं जायचं. पलीकडे खाडी आणि खारफुटी, अंधार पडला की डास आणि बेडूक. बस भरवशाची नाही. स्टेशनला चालत गेलं तर पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरायची. प्लॉट मिळालेल्या कितीतरी जणांनी कुलूपही लावलं नाही, कारण कुलूप लावायला दार नव्हतं. आमचं जोतं दीड वर्ष तसंच पडून होतं. आजी म्हणायची, "जोत्याला माणूस लागतो, नाहीतर गवत लागतं."

१९९० साली चार भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. आई-बाबांचं लग्न झालं ते याच घरात. १९९६ साली पोटमाळा. मी जन्मलो त्या वर्षी लादी. आईने पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवलं आणि तिच्या ब्लाउजांच्या पैशातून २००३ साली स्लॅब पडला. मग बाहेरून लोखंडी जिना, वर एक खोली. त्या खोलीत मी बारावी केली आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचे सबमिशन लिहिले. आज तिथे दोन मुलं भाड्याने राहतात, एक डिलिव्हरीचं काम करतो, दुसरा नर्सिंग शिकतो. खालच्या पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या भाड्यातून बाबांच्या औषधांचा खर्च निघतो.

हे कुठल्याही आराखड्यात नव्हतं. आराखड्यात फक्त हे होऊ शकेल इतकी जागा सोडलेली होती.

प्रकल्प संपतो

आता वॉशिंग्टनच्या बाजूने बघू. आंतरराष्ट्रीय संस्थेचा प्रकल्प चालवणं म्हणजे तारखा सांभाळणं. मूल्यमापन, मंजुरी, करार, मग अधूनमधून पाहणीला येणारी 'मिशन', खर्च झाल्याचे पुरावे, त्यानुसार सुटणारे पैसे, शेवटी समाप्तीची तारीख आणि समाप्तीचा अहवाल. ज्या अधिकाऱ्याने प्रकल्प मांडला तो बहुतेकदा शेवटापर्यंत नसतो, त्याची बदली झालेली असते. प्रकल्पाचं आयुष्य फार तर नऊ-दहा वर्षं. आमचा १९९४ साली बंद झाला.

१९९४ साली चारकोपमध्ये फिरलं असतं तर काय दिसलं असतं? कितीतरी रिकामी जोती, काही ठिकाणी झुडपं, काही घरं अर्धी. ज्यांना प्लॉट लागले त्यातल्या काहींनी ते परस्पर दुसऱ्यांना दिलेले. अशा प्रकल्पांबद्दल बँकेतल्या तक्रारी जगभर सारख्याच होत्या. जागा शहरापासून लांब, वस्ती हळूहळू भरते, हप्ते नीट वसूल होत नाहीत, गरिबांच्या नावाने दुसरेच येतात, आणि छोट्या कर्जासाठी कर्मचाऱ्यांचा वेळ फार जातो. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बँकेने ही पद्धत जवळपास सोडून दिली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या दुसऱ्या दिवशी युजर मोजले, कमी भरले, आणि प्रॉडक्ट बंद केलं.

झोपडपट्टी सुधारणेचा दुसरा पाय तर आणखी लंगडला. लाखभर कुटुंबांचं लक्ष्य होतं, त्याचा पाव हिस्साही गाठला गेला नाही. भाडेपट्टा फक्त राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या जमिनीवर देता येत होता. केंद्राच्या आणि खासगी जमिनींवरच्या वस्त्या बाहेर राहिल्या. शिवाय १९८५च्या अखेरीस राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटी जाहीर केले आणि धारावीत पाडून नव्याने बांधण्याचा विचार पुढे आला. सुधारलेल्या गल्लीपेक्षा नवी इमारत फोटोत चांगली दिसते.

१९९५ साली युतीचं सरकार आलं ते ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन देऊन. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर फुकट, आणि बिल्डरला त्याबदल्यात बाजारात विकायला जादा बांधकाम. 'जमीन घ्या, सावकाश बांधा, हप्ते भरा' हे म्हणणाऱ्याचं ऐकणार कोण?

बँक मुंबईत परत आली ती रेल्वे आणि रस्त्यांसाठी. २००२ साली मंजूर झालेल्या 'मुंबई नागरी परिवहन प्रकल्पा'त रुळांलगतची आणि रस्त्यांवरची २० हजारांच्या आसपास कुटुंबं हलवायची होती. जॉकिन अर्पुथम, शीला पटेल आणि महिला मिलनच्या बायकांनी रुळांलगतच्या वस्त्यांची मोजणी आणि स्थलांतर लोकांच्याच हातून करून घेतलं, त्याची जगभर वाखाणणी झाली. पण २००४ मध्ये इतर बाधितांच्या, विशेषतः दुकानदारांच्या, तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेल्या. हे मंडळच मुळात नर्मदा आंदोलनाच्या धक्क्यातून १९९३ साली जन्माला आलेलं. मंडळाने दोष दाखवले आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पातल्या रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने थांबवले. दुकानदारांचं दुःख मला आमच्या पुढच्या खोलीकडे बघून समजतं. सातव्या मजल्यावर घर मिळेल, शिवणाच्या मशीनचं गिऱ्हाईक मिळणार नाही.

वीस वर्षांनी

मग एक गंमत झाली. सुमिला गुल्याणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या जुन्या वसाहती वीसेक वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिल्या. त्यांचा निबंध २०१८ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आला. आपण ज्याला अपयश ठरवलं ते यश तर नव्हतं, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. ज्या रिकाम्या जोत्यांमुळे नापास केलं, ती भरलेली होती. घरं वाढलेली, गल्ल्या जिवंत, वेगवेगळ्या कमाईची माणसं शेजारी-शेजारी. 'लांब' असलेली जागा शहर वाढून मधे आली होती. २०२२ साली आमच्याजवळच्या दहाणूकरवाडीपर्यंत मेट्रो आली, तेव्हा बाबा पहिल्या आठवड्यात उगाच आरेपर्यंत जाऊन आले.

'शाश्वत विकास' हा शब्द जगात रुळला तो १९८७च्या ब्रुंटलँड अहवालापासून, आणि शहरांसाठीचं शाश्वत विकासाचं अकरावं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं २०१५ साली. आमच्या प्रकल्पाचा करार या दोन्हींच्या आधीचा. गोष्ट आधी झाली, नाव नंतर आलं. मला वाटतं, टिकाऊ वस्तीची कसोटी एवढीच, की बांधणारा निघून गेल्यावर राहणाऱ्याला तिच्यात भर घालता येते का. आणि ती कसोटी समाप्तीच्या तारखेला घेता येत नाही, कारण त्या दिवशी भर घालायला नुकती सुरुवात झालेली असते.

हे लिहिताना चारकोपचं देवघर करायचं नाही. आमच्या मधल्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो. गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, मागच्या पावसाळ्यात एका आजोबांना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. वरच्या मजल्यांपैकी किती परवानगीचे, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. खाडीकाठची ओली जमीन भरून शहर वाढवलं, त्याची किंमत पाऊस वसूल करतो. आणि शहरातल्या सगळ्यांत गरिबांपर्यंत, हप्ताच न परवडणाऱ्यांपर्यंत, ही योजना पोचली नव्हती. पण चूक दुरुस्त करणं वेगळं आणि पद्धतच टाकून देणं वेगळं. मुंबईत त्यानंतर या प्रमाणात असे प्लॉट पडले नाहीत. बाबा छापखान्याच्या पगारावर या शहरात घरमालक झाले. मी सॉफ्टवेअरच्या पगारावर त्याच पिनकोडमध्ये वन-बीएचके घेऊ शकत नाही.

अंगणातली मीटिंग

गेल्या महिन्यात अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बिल्डरने प्रोजेक्टरवर टॉवर दाखवला. आमची ३५ घरं आणि शेजारचे काही गट एकत्र करून. लिफ्ट, पार्किंग, बाग. खरं सांगतो, मी टॉवरच्या बाजूने होतो. बाबांचे गुडघे गेलेत, लोखंडी जिना गंजलाय. मीच त्यांना लॅपटॉपवर शीट करून दाखवली होती. आता किती चौरस फूट, मग किती, बाजारभाव किती. हिरव्या रंगात मोठा आकडा येत होता.

मीटिंगमध्ये बाबा उभे राहिले. सगळे ऐकतील असा त्यांचा आवाज नाही, त्यामुळे सेक्रेटरीकाकांनी पंखा बंद केला. बाबांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, "साहेब, दुकान कुठे जाईल? आणि वरचे भाडेकरू?" तो म्हणाला, दुकानांचं नंतर बघू, भाडेकरू आमच्या यादीत येत नाहीत. मग बाबांनी विचारलं, "आणि उद्या ह्याला पोरं झाली, एक खोली वाढवायची झाली तर?" तो माणूस हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला टॉवर म्हणजे काय ते कळलेलं नाही.

त्या रात्री मी शीट पुन्हा उघडली. दुकानाचं भाडं, वरच्या खोलीचं भाडं, आईचं मशीन, टॉवरचा दरमहा मेंटेनन्स, बांधकामाच्या वर्षांत दुसरीकडे राहणं, असे पाच रकाने वाढवले. हिरवा आकडा बराच बारीक झाला, पण शून्य झाला नाही. गुडघ्यांचा रकाना कसा भरायचा, ते अजून कळलेलं नाही.

संमतीपत्रावर आमची सही अजून झालेली नाही. पुढची मीटिंग गणपतीनंतर आहे. सेक्रेटरीकाकांना सांगून मी एक विषय अजेंड्यावर घेतलाय. टॉवरच्या आधी दुसरा पर्याय तपासावा: दर गटाने आपापली घरं मजबूत करून घेणं, वरच्या मजल्यांची परवानगी रीतसर मागणं, रुग्णवाहिका येईल एवढी एक वाट मोकळी करणं. ती शीट ३५ घरांना व्हॉट्सअपवर पाठवली आहे. प्रत्येकाने आपापले आकडे भरायचे आहेत. आत्तापर्यंत अकरा घरांचे आले.